नेपाळचं अर्धं राहिलेलं संविधान

नेपाळने आता काय करावं हे देवगडात बसून ठरवणारी माणसं मला रोज भेटतात. 2025 च्या 8 आणि 9 सप्टेंबरला काठमांडूत तरुण पोरं सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरली, संसद जळाली, सरकार गेलं. त्याच्या चित्रफिती आमच्याकडे पोचल्या तेव्हा अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते, माणसं निवांत होती, आणि टपरीवर लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, राजा होता तोवर बरं चाललं होतं, जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र मोडून बसले, भोगा आता. दुसरा म्हणतो, पोरांनी दाखवून दिलं, संसद जाळली तसं ते संविधानही टाका चुलीत आणि जनतेने थेट निवडलेला एक खमक्या माणूस आणून बसवा. हे दोन तट एकमेकांना शिव्या घालतात खरे, पण मुळात त्यांचं एकमत आहे: 2015 चं संविधान फसलं, कारण त्यात फार जणांना फार वाटेकरी करून ठेवलंय. खुद्द नेपाळातही वाद साधारण याच दोन रुळांवरून धावतोय. मला हे निदानच चुकीचं वाटतं. नेपाळच्या संविधानात दुरुस्त्या हव्यात, भरपूर हव्यात. पण वाटेकरी कमी करणाऱ्या दुरुस्त्या म्हणजे दुखणं गुडघ्याचं आणि प्लास्टर कोपराला.

आमच्या गावात नेपाळवर एवढी चर्चा का होते, तर अर्ध्या बागा नेपाळी माणसं राखतात म्हणून. दिवाळी झाली की ती येतात, मांगरात राहतात, गवत काढण्यापासून फवारणीपर्यंत सगळं करतात आणि फळ धरलं की वानरांमागे बेचकी घेऊन धावतात. पावसाच्या तोंडावर परत जातात. आम्ही सगळ्यांना सरसकट गुरखा म्हणतो. माझ्या बागेतला माणूस पश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्याचा, जातीने कामी, म्हणजे लोहार. गुरखा असण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. यंदा तो आला तेव्हा मी त्याला टपरीवरचा प्रश्न विचारला. त्याने काठमांडूबद्दल अवाक्षर काढलं नाही. मोबाइलवर एक फोटो दाखवला: कपाळभर टिका, गळ्यात झेंडूची माळ, त्याची वहिनी. 2022 पासून ती त्यांच्या वड्याची सदस्य आहे. वडा म्हणजे वॉर्ड. या शब्दावरून बागेत व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेलेत.

हा फोटो कुठून आला ते सांगायला हवं. नव्या व्यवस्थेत नेपाळात 753 स्थानिक पालिका आहेत आणि त्यांत 6,743 वडे. प्रत्येक वड्यात अध्यक्षासह पाच जण निवडून येतात, त्यात दोन स्त्रिया हव्यातच आणि त्या दोघींपैकी एक दलित हवीच. 2017 मध्ये पहिल्यांदा या नियमाने मतदान झालं तेव्हा साडेसहा हजारांच्या आसपास दलित स्त्रिया एका फटक्यात निवडून आल्या. त्याआधीची स्थानिक निवडणूक कधीची, तर 1997 ची. मध्ये वीस वर्षं काही नाही. 2002 मध्ये स्थानिक संस्थांची मुदत संपली, माओवादी युद्ध पेटलेलं होतं, गावाचा सरकारी सचिव जीव मुठीत धरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बसला. अछामचं ते ठिकाण म्हणजे मंगलसेन, जिथे त्याच वर्षी फेब्रुवारीत माओवाद्यांनी एका रात्रीत शंभरावर पोलीस आणि सैनिक मारले. युद्ध संपलं तरी सचिव गावाकडे फारसा फिरकत नसे. "काका, पहिले एक सिफारिस के लिए मंगलसेन. एक दिन जाना, एक दिन बैठना, एक दिन वापस," हा सांगतो. नागरिकत्वाचा कागद काढायचा तर आधी ही सिफारिस लागते. आता ती वड्याच्या कचेरीत मिळते, घरापासून अर्ध्या तासावर. सुरुवातीला बैठकीत अध्यक्ष वहिनीलाच चहा आणायला पाठवायचा, हेही त्यानेच हसत सांगितलं. दुसऱ्या वर्षी तिने त्यांच्या वस्तीसाठी पाण्याचा नळ मंजूर करून घेतला.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण ते थोडं नाही. ऑक्टोबर 2015 ते सप्टेंबर 2025 या दहा वर्षांत नेपाळात सात सरकारं आली आणि ती सात सरकारं तीनच माणसांनी चालवली: ओली, प्रचंड आणि देऊबा, आलटून पालटून, संगीत खुर्चीसारखं. 1990 पासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पुरी केलेली नाही. गावोगावची तरुण पोरं आखातात आणि मलेशियात, नाहीतर आमच्या बागांत, आणि पुढाऱ्यांच्या मुलांचे परदेशी सहलींचे फोटो इन्स्टाग्रामवर. 4 सप्टेंबरला सरकारने 26 समाजमाध्यमं एका हुकमाने बंद केली, 8 तारखेला निदर्शकांवर गोळ्या चालवल्या, एका दिवसात किमान 19 पोरं गेली. पुढे आकडा सत्तरच्या वर गेला. संतापाला कारण नव्हतं असं कोण म्हणेल? सात प्रांत केले पण त्यांना ना स्वतःचं पोलीस दल मिळालं, ना कर्मचारी; मंत्री मात्र गाडी-बंगल्यासकट मिळाले. लोकांना प्रांत म्हणजे फुकटचा खर्च वाटतो तो उगाच नाही.

पण सरकारं का पडली? इथे टपरीवर सगळे घाईने पुढे सरकतात, तर जरा थांबू. 2018 मध्ये ओली आणि प्रचंड यांचे पक्ष एक झाले आणि त्यांच्याकडे 275 पैकी 174 जागा आल्या, म्हणजे दोन-तृतीयांशाला जेमतेम दहा कमी. एवढं बळकट सरकार तिथे कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते कुणी पाडलं? प्रांतांनी? दलित सदस्यांनी? पक्षातल्या पक्षात दोन पुढाऱ्यांची जुंपली आणि आपली खुर्ची जाते असं दिसताच 20 डिसेंबर 2020 ला ओलींनी संसदच बरखास्त करून टाकली. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत उभी केली. मे महिन्यात पुन्हा बरखास्ती, 12 जुलैला पुन्हा न्यायालयाचा निकाल, आणि या वेळी देऊबांना पंतप्रधान नेमा असा आदेशही. संविधानाने सरकार मोडलं असं म्हणता येत नाही. सरकारने संविधान दोनदा मोडायला घेतलं आणि दोन्ही वेळा ते टिकलं. आणि ज्या सरकारने सप्टेंबरात गोळ्या झाडल्या ते काय दुबळं होतं? जुलै 2024 मध्ये संसदेतले पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे पक्ष, म्हणजे एकाने राज्य करावं आणि दुसऱ्याने त्याला जाब विचारावा अशी ज्यांची जागा, ते दोघे एकत्र येऊन बसले. सभागृहात जाब विचारायला मातब्बर कुणी उरलाच नाही, तेव्हा जाब रस्त्यावर विचारला गेला. नेपाळला बहुमत कमी पडलं नाही, विरोधक कमी पडले.

खमक्या माणसाच्या बाजूचा सगळ्यात चांगला दाखला फ्रान्सचा आहे, तो कुणी देत नाही म्हणून मीच देतो. 1946 ते 1958 या बारा वर्षांत तिथे वीसहून जास्त सरकारं झाली. मग द गॉल आले, नवी घटना आली, राष्ट्राध्यक्षाच्या हाती जास्त अधिकार गेले आणि देश स्थिरावला. हे खरंच घडलं. पण नेपाळच्या जवळचा दाखला पाहायचा तर युरोपात कशाला जायचं, श्रीलंका आहे. 1978 मध्ये जयवर्धने यांनी अध्यक्षीय पद्धत आणली, कारण हेच: स्थैर्य. चारच वर्षांत, डिसेंबर 1982 मध्ये, त्यांनी निवडणूक न घेता सार्वमताने जुनीच संसद आणखी सहा वर्षांसाठी ओढली. पुढच्याच वर्षी यादवी पेटली आणि ती पाव शतक चालली. 2010 मध्ये महिंदा राजपक्षेंनी दोन कार्यकाळांची मर्यादा उडवली, 2015 मध्ये दुसऱ्यांनी ती परत आणली, 2020 मध्ये महिंदांचे भाऊ गोटाबाया यांनी अध्यक्षाचे अधिकार पुन्हा वाढवून घेतले आणि 2022 मध्ये लोक राजवाड्यात शिरल्यावर देश सोडून पळाले. बहुसंख्य एका भाषेचे आणि अल्पसंख्य एका कोपऱ्यात, अशा देशात थेट निवडलेला एकच माणूस कुणाकडे बघून राज्य करतो हे तिथल्या तमिळांना विचारावं. नेपाळात तर 2021 च्या जनगणनेत 142 जाती-जमाती आणि 124 मातृभाषा मोजल्या गेल्या. नेपाळी ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी, 45 टक्क्यांच्या आत. हा सगळा संसार एका खुर्चीत कसा बसवणार?

आणि गंमत बघा. पोरं ज्यांच्याकडे आशेने पाहतात ती माणसं आली कुठून? बालेन शाह 2022 मध्ये कुठल्याही पक्षाशिवाय काठमांडूचे महापौर झाले ते याच संविधानाने उभ्या केलेल्या महापालिकेत. सुशीला कार्की सरन्यायाधीश असताना 2017 मध्ये सत्ताधाऱ्यांनी त्यांच्यावर महाभियोग आणला तो याच सर्वोच्च न्यायालयाने रोखला. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच हंगामी पंतप्रधान झाल्या. (त्यांची नेमणूक संविधानाच्या अक्षरात बसते का याचा वाद आहे, आणि तो खोटा नाही. निवृत्त न्यायाधीशाने सरकारी पद घेऊ नये असं ते संविधान सांगतं.) राष्ट्रिय स्वतन्त्र पार्टी 2022 च्या निवडणुकीच्या काही महिने आधी जन्मली आणि 20 जागा घेऊन आली, त्यातल्या 13 प्रमाणशीर पद्धतीच्या, म्हणजे पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात त्याच्या यादीतून भरलेल्या. राजा परत आणा म्हणणाऱ्या राष्ट्रिय प्रजातन्त्र पार्टीला 14 मिळाल्या, त्यातल्या 7 तशाच. म्हणजे प्रस्थापितांविरुद्धचा आवाज संसदेत शिरला तो याच दारातून, आणि आता म्हणतात की दार बुजवा. प्रमाणशीर याद्यांत पुढाऱ्यांचे नातलग आणि थैलीवाले घुसतात, कबूल. मग यादीतला क्रम मतदाराला ठरवू द्या. पद्धतच काढली तर काय उरेल त्याचा आकडा समोर आहे: 2022 मध्ये थेट लढतीच्या 165 जागांवर स्त्रिया निवडून आल्या 9.

राजाच्या तटाशी बोलणं थोडं अवघड आहे, कारण तिथे आठवणींचा प्रश्न असतो आणि आठवणी निवडक असतात. नेपाळचं पहिलं स्थिर सरकार 1959 चं. बी. पी. कोइराला यांच्या नेपाळी काँग्रेसला 109 पैकी 74 जागा, दोन-तृतीयांशाहून जास्त. दीड वर्षात, 15 डिसेंबर 1960 ला, राजा महेंद्र यांनी ते बरखास्त करून कोइरालांना तुरुंगात टाकलं आणि पुढची तीस वर्षं पक्षांवर बंदी राहिली. ज्याने स्थैर्य मोडलं त्यालाच स्थैर्याचं प्रतीक म्हणायचं? 1 फेब्रुवारी 2005 ला राजा ज्ञानेंद्र यांनी तोच डाव पुन्हा टाकला, टेलिफोनच्या तारासुद्धा तोडल्या, आणि सव्वा वर्षात एकोणीस दिवसांच्या आंदोलनापुढे त्यांना मागे यावं लागलं.

राहिलं हिंदू राष्ट्र. नेपाळात 81 टक्के लोक हिंदू आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना 2006 मध्ये झालेली धर्मनिरपेक्षतेची घोषणा आपल्याला न विचारता केली असं वाटतं. या भावनेला हसण्यात अर्थ नाही. पण त्या संविधानात धर्मनिरपेक्ष या शब्दाचा अर्थ दिलाय तो आपल्या टपरीवर कुणी वाचलेला नाही: सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं संरक्षण आणि धार्मिक स्वातंत्र्य. गाय राष्ट्रीय प्राणी आहे. धर्मांतर करवणं गुन्हा आहे. इंद्रजात्रेत कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीचा, आशीर्वाद पूर्वी राजा घेई, आता राष्ट्राध्यक्ष घेतात. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी दक्षिणेतले भट्टच. 2009 च्या सुमारास माओवादी सरकारने ते बदलायला घेतलं तेव्हा लोक खवळले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मग जे गेलं ते नेमकं काय? 1854 चा मुलुकी ऐन आठवावा लागेल. राणा पंतप्रधान जंगबहादुरांच्या त्या कायद्यात सगळी प्रजा उतरंडीने लावलेली होती आणि तळाला "पानी नचल्ने", ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असे. कामी त्यातच. नोव्हेंबर 1956 मध्ये, निधनाच्या पंधरवडाभर आधी, बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, तेव्हाही तोच ऐन लागू होता. तो बदलला 1963 मध्ये. महाडच्या तळ्याला शंभर वर्षं होत आली. आमच्याच कोकणातलं ते तळं. ज्या कामी बाईने गावात नळ आणला तिला धार्मिक राष्ट्र परत हवं का, हे विचारायला हरकत नाही, फक्त तिलाच विचारावं.

या संविधानाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ते जन्मालाच कुणाकुणाला बाहेर ठेवून आलं. पहिली संविधान सभा चार वर्षं भांडून 2012 मध्ये रिकाम्या हाताने विसर्जित झाली. दुसरीने एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर, नऊ हजार माणसं गेल्याच्या धक्क्यात, एकाएकी घाई केली. मसुद्यावर लोकांची मतं घ्यायचा कार्यक्रम दोन दिवसांत उरकला. 20 सप्टेंबरला ते जाहीर झालं तेव्हा काठमांडूत दिवे आणि मधेशात, म्हणजे भारताला लागलेल्या तराईच्या सपाट पट्ट्यात, काळे झेंडे. तराईतल्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसं मेली. मग आपल्या सीमेवर ट्रक अडले, औषधं आणि गॅस महिनोन्महिने अडकले, आणि दिल्लीने कितीही नाकारलं तरी नेपाळी माणूस त्याला भारताची नाकाबंदीच म्हणतो. आपला सल्ला त्यांना का रुचत नाही त्याचं एक कारण हे. नेपाळी आईचं मूल बाप परदेशी असेल तर आजही पुरतं नागरिक होत नाही, फक्त अंगीकृत, म्हणजे वंशाच्या हक्काने नव्हे तर सरकारने करून घेतलेलं. बापाच्या बाबतीत तशी अट नाही.

पण ही यादी नीट बघा. हे सगळे दोष कुणाला तरी बाहेर ठेवल्याचे आहेत. जास्त जणांना आत घेतल्याचा यात एकही नाही. प्रांत नकोसे झाले कारण त्यांना हात दिलेच नाहीत. मग दुरुस्ती कुठे करायची ते उघड आहे: प्रांतांना पोलीस आणि नोकरवर्ग, आईला बापाइतका हक्क, पक्षांच्या आत निवडणुका, आणि एका माणसाने किती वेळा पंतप्रधान व्हावं याला मर्यादा. शेवटची मागणी तर रस्त्यावरच्या पोरांचीच आहे आणि मला ती सोळा आणे पटते. यासाठी काही जाळायची गरज नाही. नेपाळचं सार्वभौमत्व, अखंडता, स्वातंत्र्य आणि जनतेची सत्ता एवढं सोडून त्या संविधानात सगळं दोन-तृतीयांश मतांनी बदलता येतं, प्रजासत्ताकसुद्धा, धर्मनिरपेक्षतासुद्धा. राजावाद्यांनाही दार उघडं आहे, मतं आणा आणि बदला. इतकी मोकळीक त्यांच्या राजाने कधी कुणाला दिली होती? आपण आणीबाणीनंतर काय केलं तेही आठवावं. बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेची मोडतोड झाली होती, लोकांत चीड होती, जनता सरकार आलं आणि त्याने 1978 मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती करून पुष्कळसं सावरलं. नवी घटना लिहायला कुणी बसलं नाही, आणि ते सरकार पडल्यावरही ती दुरुस्ती टिकली.

9 सप्टेंबरला सिंहदरबार, म्हणजे सरकारचं मुख्य सचिवालय, जळाला, संसद जळाली, सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यांच्या फायली जळाल्या. 12 तारखेच्या रात्रीपर्यंत देशाला पंतप्रधान नव्हता. पुष्कळ पालिकांच्या कचेऱ्याही जळाल्या. पण 2022 मध्ये निवडून आलेली माणसं पदावर होती आणि त्यांना कुणी बरखास्त करू शकत नव्हतं. अछामच्या त्या वड्यात त्या आठवड्यात काय झालं, मी विचारलं. काही नाही, तो म्हणाला. एकाला मुलाच्या जन्माचा दाखला हवा होता, तो मिळाला.

नवी निवडणूक 5 मार्च 2026 ला ठरली. परदेशातल्या नेपाळींना मतदानाची सोय करा असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय, ती या निवडणुकीपर्यंतही झाली नव्हती. मत द्यायचं तर स्वतः जायला हवं. देवगडहून अछाम म्हणजे रेल्वे, बस, सीमा, पुन्हा बस आणि शेवटची चढण पायी, चार दिवस एका बाजूने. वहिनी फोनवर येच म्हणतेय. परवा संध्याकाळी फवारणीचा पंप धुता धुता त्याने विचारलं, "काका, मार्चमध्ये पंधरा दिवस जाऊ का?" यंदा मोहोर बरा आहे, पहिली फळं तेव्हाच उतरायला लागतील, आणि वानरं काही निवडणूक बघत नाहीत. मी उत्तर देण्याआधी कलमांकडे बघितलं, आणि ते त्याने बघितलं.